बर्फावरच्या मुली

आपल्याकडे हॉकी म्हटलं की हिरवं मैदान आणि मेजर ध्यानचंद डोळ्यांपुढे येतात. कॅनडात मात्र नुसतं 'हॉकी' म्हटलं तरी ती बर्फावरचीच समजायची. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात लांब काठी, आणि चेंडूऐवजी रबराची काळी चकती! ही चकती एक इंच जाड नि तीन इंच रुंद असते. ती उड्या मारू नये म्हणून सामन्याआधी चक्क गोठवून ठेवतात. एका बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. खेळ इतका वेगवान, की पाऊण-एक मिनिट खेळलं की दमून बाहेर यायचं आणि ताज्या दमाच्या मुलींना आत पाठवायचं.

या खेळात अठरा वर्षांखालच्या मुलींच्या संघांसाठी कॅनडाची एक राष्ट्रीय स्पर्धा आहे. तिचं नाव एस्सो कप. ती प्रथम 2009 साली कॅलगरी शहरात झाली. देशाच्या पाच विभागांचे विजेते आणि यजमान गावाचा एक, असे सहा संघ वसंताच्या सुरुवातीला आठवडाभर एकत्र येतात. प्रत्येक संघ इतर पाचही संघांशी खेळतो, पहिले चार उपांत्य फेरीत जातात आणि मग अंतिम सामना. अल्बर्टा प्रांतातल्या सेंट अल्बर्ट गावच्या मुलींनी 2017, 2018 आणि 2019 अशी लागोपाठ तीन वर्षं ही स्पर्धा जिंकली. त्यानंतरची दोन वर्षं करोनामुळे स्पर्धाच झाली नाही. हातातोंडाशी आलेली संधी गेली, कारण वय काही कुणासाठी थांबत नाही!

आता एक हिशेब बघा. याच वयाच्या मुलग्यांची राष्ट्रीय स्पर्धा कॅनडात 1979 साली सुरू झाली होती. म्हणजे भावापाठोपाठ बहिणीची पाळी यायला तब्बल तीस वर्षं लागली. ती का लागली, हे समजून घेण्यासारखं आहे.

केस कापलेली अ‍ॅबी

1955-56 च्या हिवाळ्यात टोरोंटोमध्ये अ‍ॅबी हॉफमन नावाची लहानगी मुलग्यांच्या संघात खेळत होती. केस बारीक कापलेले, नाव सांगितलं 'अ‍ॅब'. घरूनच खेळाचे कपडे चढवून जायची, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. खेळत होतीही अशी, की निवडक खेळाडूंच्या संघात तिची वर्णी लागली. त्यासाठी जन्मदाखले तपासले गेले आणि बिंग फुटलं! देशभर बातम्या झळकल्या, कौतुकही झालं, पण पुढे मुलग्यांच्या संघातून खेळणं काही जमलं नाही. अ‍ॅबी मग धावण्याकडे वळली आणि 1964 ते 1976 अशा चार ऑलिंपिकमध्ये धावली. 1976 साली माँट्रियलला कॅनडाचा ध्वज घेऊन संघाच्या पुढे चालली ती हीच. 1982 साली कॅनडात महिलांची पहिली राष्ट्रीय हॉकी स्पर्धा भरली, तेव्हा तिच्या चषकाला अ‍ॅबीचंच नाव दिलं गेलं.

बारा वर्षांची फिर्यादी

दुसरी गोष्ट जस्टिन ब्लेनीची. तिचा भाऊ हॉकी खेळायचा. मुलग्यांच्या संघांना सरावाला वेळ जास्त मिळायचा, सामनेही जास्त व्हायचे. जस्टिनला त्या संघात खेळायचं होतं आणि संघाला ती हवीही होती, पण नियम आडवा आला. ऑन्टारिओ प्रांताच्या मानवी हक्क कायद्यातच खेळापुरती स्त्री-पुरुष भेदभावाला मुभा होती. 1985 मध्ये ही अवघी बारा वर्षांची मुलगी कोर्टात गेली. गंमत म्हणजे मुलींच्या हॉकीची संघटनाही तिच्या विरोधात उभी राहिली. चांगल्या मुली मुलग्यांच्या संघात गेल्या तर मुलींचे संघ ओस पडतील, ही त्यांची भीती, आणि ती अगदीच खोटी होती असंही म्हणवत नाही. पण 1986 साली अपील न्यायालयाने ती मुभाच रद्द केली. मुलींचे संघ काही ओस पडले नाहीत. 1990 मध्ये ओटावाला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 1998 साली नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये महिलांची हॉकी आली.

आईची बाजू

माझी मावसबहीण टोरोंटोजवळ मिसिसागाला राहते. तिची मुलगी हॉकी खेळते. "अगं ताई, पहाटे पाचला उठून गाडीवरचा बर्फ खरवडायचा, तिला सहाला रिंकवर सोडायचं आणि मग आपण कांबळं गुंडाळून कुडकुडत बसायचं!" असं ती फोनवर सांगत होती. खर्चही थोडाथोडका नाही. बूट, शिरस्त्राण, चेहऱ्यावरची जाळी, खांद्याची, कोपराची, नडगीची संरक्षणं, आणि पोरीचं माप दरवर्षी बदलतं! म्हणून वापरलेलं सामान एकमेकींत फिरवण्याची पद्धत तिकडे सर्रास आहे. घरी आल्याबरोबर पिशवी रिकामी करून सगळं वाळत घालायचं, बुटांची पाती कोरडी पुसायची. नाहीतर पात्यांना गंज चढतो आणि वासाने घर डोक्यावर घ्यावं लागतं.

इजेचं काय, हा प्रश्न आपल्या मनात येणारच. मुलींच्या या खेळात मुद्दाम अंगावर धडक मारणं नियमात बसत नाही, तरी घसरून डोक्याला मार लागू शकतो. तसं वाटलं तर मुलीला लगेच बाहेर काढायचं आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत पुन्हा उतरवायचं नाही. आणखी एक मला फार आवडलं. कॅनडात बऱ्याच ठिकाणी घरटी एका पालकाला, कडेला बसून कसं वागावं याचा छोटा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. पंचांवर ओरडणारे बाबा आणि हरल्यावर मुलीला फैलावर घेणाऱ्या आया तिकडेही आहेत तर!

आपल्या लडाखच्या मुली

हे सगळं परदेशातलंच आहे असं समजू नका हं. लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठली की मुली बर्फावर उतरतात. सरावाला जेमतेम दोन-अडीच महिने मिळतात. तरी 2016 साली भारताच्या महिला संघाने तैपेईत पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली आणि 2017 साली बँकॉकला पहिला विजय मिळवला. कॅनडाची नामवंत खेळाडू हेली विकनहायझर 2018 च्या जानेवारीत त्यांना शिकवायला लेहला आली आणि त्याच वर्षी आपल्या मुली कॅलगरीला खेळून आल्या. 2025 साली तर या संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं.

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. शाळेत दरवर्षी पाहते, सातवीपर्यंत खो-खोत वाऱ्यासारखी पळणारी मुलगी नववीत गेली की मैदानावर दिसत नाही. कारण विचारलं की उत्तरं ठरलेली: क्लास आहे, ऊन लागतं, पाळी सुरू झाली, आई नको म्हणते. भावाचा क्रिकेटचा सराव मात्र दहावीपर्यंत चालू असतो. मैत्रिणींनो, आपल्याला कोर्टात जायचं नाही की पहाटे बर्फ खरवडायचा नाही. मुलीचे खेळाचे बूट लहान झाले असतील तर या महिन्यात नवे घ्या, आणि क्लासची वेळ ठरवताना तिच्या सरावाची वेळ आधी विचारा. शाळेचा सामना असेल त्या दिवशी कुकर थोडा उशिरा लागला तरी चालेल. तासभर जाऊन कडेला बसा. आई आली आहे, हे तिला दिसू द्या.