दागिन्याचा भार जातो कुठे?

पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या तांड्यांवर जुन्या वळणाच्या बंजारा बायांची घुगरी-टोपली नीट पाहावी. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना झुलणारा हा दागिना कानातला वाटतो, पण तो कानात नसतोच. कानशिलाजवळच्या बटा घट्ट गुंफायच्या आणि त्यांत तो अडकवायचा. एवढ्या चांदीने कानाची पाळी ओघळली असती. इथे सगळा भार केसांच्या मुळांवर वाटला जातो.

जड दागिना दिवसभर अंगावर कसा टिकवायचा, हाच पेच चार हजार वर्षांपूर्वी नाईलकाठच्या कारागिरांपुढेही होता. तांड्यांनी युक्ती तिकडून उचलली असे नव्हे. माणसाची मान, कान, केस सगळीकडे सारखेच, म्हणून उत्तरेही जवळपासची निघाली. राजकन्या सिथाथोरयुनेतचे दागिने 1914 मध्ये इजिप्तमधल्या लाहुन इथे सापडले, त्यांत सोन्याच्या छोट्या नळ्यांचा ढीग होता. त्या तिच्या केसांच्या टोपातल्या वेण्यांवर चढवलेल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात.

इजिप्तचा खरा नामी दागिना म्हणजे ‘वेसेख’, खांद्यापर्यंत पसरणारा रुंद गळपट्टा. नळीसारखे मणी उभे लावून एकाखाली एक पदर करायचे. खालच्या पदराचा घेर मोठा, म्हणून त्यात मणीही जास्त. शेवटच्या पदराला थेंबाच्या आकाराचे लोलक. सगळ्या पदरांचे दोरे दोन टोकांच्या अर्धगोल किंवा ससाण्याच्या तोंडाच्या पट्ट्यांतून बाहेर काढायचे आणि मानेमागे बांधायचे. भार खांद्यांवर पसरला, तरी पुढची बाजू जड असल्याने पट्टा खाली ओढला जाणारच. म्हणून गाठीपासून पाठीवर आणखी एक वजन सोडत, ते पुढच्या भाराला तोलून धरी. आपल्या तुशीच्या मागचा गोंडा घेर कमीजास्त करतो. हे वजन पट्ट्याला जागेवर ठेवते.

त्यातले निळे-हिरवे मणी बहुतेकदा दगडाचे नसत. गारेची पूड, थोडा चुना, क्षार आणि तांब्याचे संयुग पाण्यात मळून मणी वळत. वाळताना क्षार आपोआप पृष्ठभागावर येत, भट्टीत वितळत आणि तीच चकाकी होई; वर वेगळा लेप लावावा लागत नसे. माझ्या लेखी सगळ्या इजिप्तच्या सोन्यापेक्षा हे ज्ञान मोलाचे. या पदार्थाला फाएन्स म्हणतात. 1922 मध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि युरोपात इजिप्तची लाट आली. तेव्हा कार्टिए या पेढीने फाएन्सचे प्राचीन तुकडेच हिऱ्यांत जडवून ब्रोच घडवले.

आज बाजारातल्या रुंद चोकरमध्ये वेसेखचा आकार दिसतो, पाठीवरचे वजन मात्र नसते. धातू पातळ झाला, त्यामुळे गरज उरली नाही. बंजारा घाटाच्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांचेही तसेच. चांदीच्या रंगाच्या धातूवर गंधकयुक्त द्रावणाने काळा थर चढवतात, मग उंच भाग घासून उजळतात. काळेपण खाचांत राहते आणि नक्षी जुनी भासते.

कानातले मात्र आजही जडच घेतले जातात. त्यांना वेल लावावेत. वेलाची एक कडी कानातल्याच्या दांडीत आणि आकडा कानाच्या वरच्या केसांत, जाड बटेत खोवायचा. साखळी सैल ठेवली तर भार पुन्हा पाळीवरच येतो, म्हणून ती जराशी ताणलेली हवी.