कॅमेऱ्याचे सेल लवकर का उतरतात? दोष शोधण्याची सोपी रीत

मालाचा फोटो पाठवल्याशिवाय आज सौदा पुढे सरकत नाही. बहुतेकजण हे काम मोबाईलवर करतात. तरीही साडीचा काठ, जरीचे काम किंवा लाकडावरील नक्षी नीट दिसावी म्हणून जुना डिजिटल कॅमेरा वापरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांची तक्रार एकच असते: "रात्रभर चार्ज केलेले सेल दहा-पंधरा फोटोंतच बसतात." मग कोणी कॅमेरा विकतो, कोणी दर महिन्याला नवे सेल घेतो. दोन्हींत पैसा जातो आणि खरा दोष जागच्या जागी राहतो.

आमचेही असेच झाले. 2012 साली दिवाळीच्या हंगामात मालेगावच्या साड्यांचे चाळीस नमुने एका बाहेरगावच्या गिऱ्हाईकाला दाखवायचे होते. पंधराव्या नमुन्यावर कॅमेरा बंद पडला. सेल काढून पुन्हा घातले, दोन फोटो निघाले, पुन्हा बंद. फोटो दोन दिवस उशिरा गेले आणि तोवर त्याने दुसरीकडे माल घेतला. दुरुस्तीवाल्याने कॅमेऱ्याचे सर्किट गेल्याचे सांगितले. आम्ही नवा कॅमेरा घेण्याच्या बेतात होतो. पुढे विजेचे काम जाणणाऱ्या एका मित्राने हिशेब मांडून दाखवला, तेव्हा कळले की कॅमेरा निर्दोष होता. तो हिशेब आपल्यापुढे ठेवतो.

आधी सेलची जात ओळखा

टॉर्चचा साधा सेल आणि अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टचे असतात. पुन्हा चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल 1.2 व्होल्टचा असतो. आकडा कमी म्हणून तो कमजोर समजू नये. कॅमेऱ्याला पडदा, लेन्सची मोटर आणि फ्लॅश यांसाठी एकदम जास्त करंट लागतो, आणि तो देण्यात हा सेल अल्कलाइनपेक्षा सरस आहे. टॉर्चचा साधा सेल तर कॅमेऱ्यात काही मिनिटांतच दम तोडतो.

मात्र काही कॅमेरे 1.5 व्होल्ट गृहीत धरून चालतात आणि सेल भरलेला असतानाही रिकामा असल्याची खूण दाखवतात. अशा अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत सेलचा प्रकार निवडण्याची सोय असते. पहिले काम म्हणून ती तपासावी. यात एक पैसाही लागत नाही.

चार्जरचा हिशेब

सेलवर 2500 असा आकडा असतो, तो मिलीअॅम्पियर-तासांचा. म्हणजे सेलच्या पोटात किती माल मावतो, ते माप. चार्जरच्या मागे बारीक अक्षरांत तो किती मिलीअॅम्पियर देतो ते छापलेले असते. आमचा चार्जर 150 चा होता. 2500 ला 150 ने भागले तर जवळपास 17 तास होतात. चार्ज करताना काही वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून संथ चार्जरसाठी त्याची सुमारे 1.4 पट वेळ धरावी लागते. म्हणजे 23 तासांहून जास्त!

आम्ही रात्री अकराला सेल लावून सकाळी सहाला काढत होतो. सात तासांत 150 च्या हिशेबाने 1050 गेले, त्यातील घट वजा जाता सेलमध्ये 750 च्या आसपास उरले. 2500 च्या पोटात तिसरा हिस्साही भरला नाही. अर्धपोटी बैलाने नांगर ओढला नाही तर दोष नांगराचा कसा?

काही चार्जर घड्याळ लावल्यासारखे ठराविक तासांनी हिरवा दिवा लावतात, सेल भरला की नाही ते पाहत नाहीत. मध्येच वीज गेली तर काहींची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सेल हाताला चटका देईल इतका तापत असेल तर तो जरुरीपेक्षा जास्त चार्ज होत आहे आणि त्याचे आयुष्य घटत आहे. म्हणून प्रत्येक सेल वेगळा तपासून भरताच थांबणारा चार्जर घ्यावा. थोडा महाग पडतो, पण सेल वाचवून पैसे परत करतो.

जोडीतील कमजोर सेल

चार्ज पूर्ण करूनही आमचा कॅमेरा अपेक्षेइतका चालेना. दुसरा दोष जोडीत होता. एक सेल नवा, एक जुना. विणकाम जाणणाऱ्यांना हे सांगायला नको: ताण्याचे सूत संपले की बाण्याचे कितीही उरो, कापड तिथेच थांबते. जोडीत एक सेल 2000 चा आणि दुसरा थकून 1200 वर आलेला असेल, तर कॅमेरा 1200 वरच बंद पडतो. त्यानंतरही जोर लावला तर रिकामा सेल उलटा चार्ज होऊन कायमचा बिघडतो.

हा सेल शोधण्याची रीत अशी. कॅमेरा बंद पडताच दोन्ही सेल काढून लगेच मल्टीमीटरवर मोजावेत. एक 1.2 व्होल्ट आणि दुसरा 1 व्होल्टच्या खाली दाखवत असेल, तर दुसरा सेल दोषी. आम्ही आता प्रत्येक जोडीवर पेनाने क्रमांक घालतो आणि जोडी कधी फोडत नाही. जुना व नवा, दोन कंपन्यांचे किंवा दोन वेगळ्या मापांचे सेल एकत्र घालू नयेत.

आणखी चार कारणे

१. मळलेली टोके. सेलच्या टोकांवर आणि कॅमेऱ्यातील पत्र्यांवर घामाचा, धुळीचा पातळ थर बसतो. घड्याळाला त्याने फरक पडत नाही, पण कॅमेऱ्याचा जास्त करंट तिथे अडतो. पेन्सिलीच्या खोडरबराने हलके घासून कोरड्या कापडाने पुसावे. पाणी लावू नये.

२. पडून राहणे. जुन्या पद्धतीचा निकेल-मेटल हायड्राइड सेल न वापरताही रोज थोडा थोडा उतरतो, उन्हाळ्यात जास्त. महिन्यापूर्वी भरलेला सेल आज भरवशाचा नाही. 2005 साली जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल काढले. असे सेल वर्षभर पडून राहिले तरी बहुतांश चार्ज टिकवतात. आता ते पॅनासोनिकच्या नावाने विकले जातात, आणि इतर कंपन्याही तशा प्रकारचे सेल करतात. क्वचित फोटो काढणाऱ्यांनी असेच सेल घ्यावेत.

३. नवा किंवा फार दिवस पडलेला सेल. तो पहिल्याच चार्जला पूर्ण ताकद देत नाही. तीन-चार वेळा पूर्ण भरून वापरल्यावर खुलतो. तोवर घाईने निकाल देऊ नये. दर वेळी सेल पूर्ण रिकामा करण्याचा जुना सल्ला मुख्यतः निकेल-कॅडमियमच्या सेलसाठी होता. इथे त्याची गरज नाही.

४. खोटा आकडा. बाजारात 3500, 4000 असे आकडे छापलेले याच आकाराचे निकेल-मेटल हायड्राइड सेल मिळतात. आज या मापात 2800 च्या वर खरा माल विरळाच. वजन करून पाहावे: चांगला सेल साधारण 25 ते 31 ग्रॅम भरतो. हातात पोकळ वाटणारा आणि 4000 लिहिलेला सेल म्हणजे वार कमी आणि बिल जास्त. जो दुकानदार असा माल ठेवतो, त्यानेही विचार करावा. गिऱ्हाईक एकदाच फसते.

दोष खरोखर कॅमेऱ्याचा आहे का?

एवढे करूनही शंका राहिली तर हे करून पाहावे. दोन जोड्या सारख्या भराव्यात. एक जोडी बंद कॅमेऱ्यात दोन दिवस ठेवावी, दुसरी टेबलावर. नंतर दोन्ही मोजाव्यात. कॅमेऱ्यातील जोडी स्पष्टपणे जास्त उतरली असेल, तर कॅमेरा बंद असतानाही वीज खातो आणि तेव्हाच दुरुस्तीवाल्याकडे जावे. तोवर काम झाले की सेल बाहेर काढून ठेवावेत. बरेच दिवस काढून ठेवले तर तारीख पुन्हा लावावी लागेल, एवढेच.

शेवटी दोन सूचना. अल्कलाइन सेल कधीही चार्जरमध्ये लावू नये, तो गळतो किंवा फुटतो. आणि संपलेले सेल कचऱ्यात किंवा आगीत टाकू नयेत. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ते वेगळे ठेवून संकलन केंद्रात द्यावेत.

आमचा तोच कॅमेरा आजही दुकानात चालतो, एका चार्जवर शंभराहून जास्त नमुने काढतो. हातचे गिऱ्हाईक गेले ते परत आले नाही. पण सात तासांऐवजी तेवीस तासांचा हिशेब कोणी आधी सांगितला असता, तर ते गेलेच नसते. म्हणून हे लिहिले.