सिंग स्ट्रीट: रंगमंचावर जमणारा बँड

‘सिंग स्ट्रीट’ हे म्युझिकल डब्लिनमधल्या शाळकरी मुलांच्या बँडची गोष्ट सांगते. आयरिश दिग्दर्शक जॉन कार्नी यांच्या २०१६ सालच्या याच नावाच्या चित्रपटावर ते बेतलेले आहे. कार्नी ज्या शाळेत शिकले ती ख्रिश्चन ब्रदर्सची शाळा डब्लिनच्या सिंग स्ट्रीटवर आहे. रस्त्याच्या नावाचे स्पेलिंग वेगळे, उच्चार मात्र इंग्रजीतल्या ‘गा’ या अर्थाच्या शब्दासारखाच. गोष्टीतली मुले आपल्या बँडचे नाव त्या श्लेषावरूनच ठेवतात.

काळ ऐंशीच्या दशकातला. आयर्लंडमध्ये कामधंदा नव्हता आणि तरुण मुले बोटीने इंग्लंडची वाट धरत होती. घरात पैशांची ओढाताण म्हणून गोष्टीचा नायक कॉनर याला महागड्या शाळेतून काढून ब्रदर्सच्या शाळेत घातले जाते. आईवडिलांचे पटत नाही, पण वेगळे व्हायचीही सोय नाही: आयर्लंडच्या राज्यघटनेत घटस्फोटाला मनाई होती आणि ती १९९५च्या सार्वमतानंतरच उठली. नव्या शाळेत काळ्याऐवजी तपकिरी बूट घातले म्हणून मुख्याध्यापक त्याच्या मागे लागतात. शाळेसमोर उभी राहणारी राफिना स्वतःला मॉडेल म्हणवते. कॉनर तिला विचारतो, आमच्या बँडच्या व्हिडिओत काम करशील का? ती तयार होते. बँड मात्र अजून नसतोच. तो आता जमवावा लागतो.

नाटकाची खरी ताकद या जमवाजमवीत आहे. कॉनरचा गुरू म्हणजे त्याचा थोरला भाऊ ब्रेंडन, घरातून बाहेर न पडलेला आणि रेकॉर्डमध्ये बुडालेला. तो आज एक बँड ऐकवतो, उद्या दुसरा, आणि तसतसे पोरांचे कपडे, केस आणि गाणी बदलत जातात. ड्युरान ड्युरान ऐकले की पुढचे गाणे त्या वळणाचे, क्युअर ऐकले की त्या वळणाचे. नक्कल करत करत मुले आपल्या आवाजापर्यंत पोचतात. कोणतीही कला शिकणाऱ्याची वाट अशीच असते आणि ती इतक्या प्रेमाने क्वचितच दाखवली गेली आहे.

म्हणूनच इथली गाणी लिहिणे विलक्षण कठीण होते. ती नवशिक्या मुलाने लिहिलेली वाटायला हवीत आणि तरीही प्रेक्षकाच्या मनात घर करायला हवीत. हे काम कार्नी यांच्यासोबत गॅरी क्लार्क यांनी केले. स्कॉटलंडमधल्या डंडीचे क्लार्क ऐंशीच्या दशकात ‘डॅनी विल्सन’ या बँडचे गायक होते. तो काळ त्यांनी आतून जगलेला होता.

चित्रपटात वाद्याचा आवाज नंतर भरता येतो. या नाटकात ती पळवाट नाही: गिटार, बेस, कीबोर्ड, ड्रम सारे नटच वाजवतात. मराठी संगीत नाटकात नट गात असे, पण ऑर्गन-तबल्याची साथ दुसऱ्यांची असे. इथे साथही नटांच्याच हातात. त्यामुळे चांगले वाजवणाऱ्याला सुरुवातीच्या प्रवेशांत अडखळणेही बसवावे लागते, आणि मुद्दाम बेताल वाजवणे तालात वाजवण्याहून सोपे नाही.

नाट्यसंहिता एंडा वॉल्श यांची. कार्नी यांच्याच ‘वन्स’ या चित्रपटाचे नाट्यरूपही त्यांनीच केले होते. त्याला २०१२ मध्ये सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह आठ टोनी पुरस्कार मिळाले. ‘सिंग स्ट्रीट’ डिसेंबर २०१९ मध्ये रेबेका टायचमन यांच्या दिग्दर्शनाखाली न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये आले. ‘रेंट’ आणि ‘वन्स’ याच छोट्या रंगमंचावरून ब्रॉडवेवर गेली होती. ‘सिंग स्ट्रीट’साठीही लायसियम थिएटर ठरले आणि पूर्वप्रयोगांची तारीख पडली २६ मार्च २०२०. त्याच्या दोन आठवडे आधी, १२ मार्चला, कोरोनामुळे ब्रॉडवेची सगळी नाट्यगृहे बंद झाली.

ब्रॉडवेचा तो प्रयोग झालाच नाही. २०२२ मध्ये बोस्टनच्या हंटिंग्टन नाट्यसंस्थेने आणि २०२५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या लिरिक हॅमरस्मिथने हे नाटक पुन्हा उभे केले. दोन्ही वेळा कॉनर नवा होता. पात्राचे वय तेच राहते, नटाचे मात्र वाढते. त्यामुळे दर वेळी गाणारी, वाजवणारी आणि शाळकरी दिसणारी तरुण मंडळी नव्याने शोधावी लागतात.