पांढऱ्या सुताचा तिरंगा

उदगीरच्या खादी केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणलं जातं, पण तिथल्या मागावर भगवा किंवा हिरवा धागा दिसत नाही. ताणा पांढरा, बाणाही पांढरा. विणणारी बाई पायाखालची पट्टी दाबते, ताण्याचे धागे वर-खाली फाकतात, मधल्या फटीतून धोटा सरकतो आणि फणीचा ठोका बसतो. ठोका हलका पडला तर वीण विरळ होते, जोरात पडला तर दाटते. म्हणून हाताची लय सुटू द्यायची नसते. सूत तुटलं की माग थांबतो. तुटलेली टोकं चिमटीत धरून ती पीळ देते, कारण जाड गाठ कापडावर उठून दिसते.

इथून कापड प्रक्रियेसाठी अहमदाबादला जातं. रंग चढून आलं की नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत पट्टे कापले जातात. चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र पांढऱ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी छापायचं, आणि दोन्ही छाप तंतोतंत जुळायला हवेत. मग तीन पट्टे जोडून शिवायचे, कडेला जाड खादीची पट्टी लावून त्यात दोरी ओवायची. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२. प्रमाणित आकारांतला सर्वांत मोठा ध्वज २१ फूट लांब आणि १४ फूट रुंद.

हे काम याच मातीत व्हावं, याला मोठा अर्थ आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशभर तिरंगा फडकला, तेव्हा नांदेड आणि उदगीर निजामाच्या राज्यात होते. तिरंगा हाती घेतला म्हणून इथल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. मुक्तीसाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ खादीचे व्रतस्थ होते. ज्या मुलखात झेंडा बाळगणं गुन्हा होता, तिथल्याच बाया आज त्याचं कापड विणतात.

ध्वजसंहितेतल्या ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. घरोघरी तिरंगा पोचला, हे चांगलंच झालं. पण स्वस्त कापडाशी हातमागाला किमतीत बरोबरी करता येणार नाही. शाळा, ग्रामपंचायती, सरकारी कचेऱ्या वर्षानुवर्षं ध्वज उभारतात. त्यांनी तरी तो खादीचाच घ्यावा. त्या मागणीवरच उदगीरच्या बायांची मजुरी उभी आहे, आणि स्वातंत्र्यलढ्यानं खादीला दिलेला अर्थही.