टायमिंग कानाने नको, लाइटने लावा: जुन्या दमदार व्ही-८ इंजिनाचं काम आणि त्याचं बिल

गॅरेजवाल्यांसाठीच्या आपल्या मालिकेत आज जुन्या, ताकदवान गाडीचं इग्निशन टायमिंग. व्हिडिओत हात कसे चालवायचे ते दिसतं, पण आकडे तिथे भरभर निघून जातात. म्हणून ते इथे सविस्तर देतोय. मोबाइलवर उघडा, गाडीशेजारी ठेवा आणि कामाला लागा.

उदाहरणाला घेऊ शेवरोलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८. हे इंजिन १९५५ साली आलं आणि पुढे कॉर्वेट, कॅमारो, इम्पाला अशा कितीतरी गाड्यांत बसलं. त्यातलं १९७० च्या कॉर्वेटमधलं एलटी-१ बघा: ३५० घनइंच म्हणजे ५.७ लिटर, कॉम्प्रेशन ११ ला १, कंपनीचा आकडा ३७० हॉर्सपॉवर. असं इंजिन चुकीच्या टायमिंगवर जोरात पळवलं तर पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. मग काम टायमिंगचं राहत नाही, अख्खं इंजिन खोलावं लागतं. आणि ग्राहक विचारतो, “शेवटचा हात कोणी लावला होता?”

आधी कारण समजून घ्या

ठिणगी पडली की पेट्रोल एका क्षणात जळत नाही. आग पसरायला वेळ लागतो. सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरच्या टोकावरून साधारण १२ ते १८ अंश खाली आल्यावर मिळाला पाहिजे. त्यासाठी ठिणगी पिस्टन वर पोचायच्या आधीच पाडावी लागते. यालाच आपण अ‍ॅडव्हान्स म्हणतो.

किती आधी? हिशोबासाठी समजा आग पसरायला २ मिलिसेकंद लागतात. ८०० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक साधारण १० अंश फिरतो. ३००० आरपीएमला तेवढ्याच वेळात ३६ अंश! म्हणून डिस्ट्रिब्यूटरच्या आत वजनं आणि स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. ३००० च्या आसपास ही वाढ थांबवतात, कारण त्यापुढे सिलिंडरमधली हवा इतकी घुसळते की आगही जोरात पसरते.

अ‍ॅडव्हान्स तीन ठिकाणांहून येतो:

- सुरुवातीचा: डिस्ट्रिब्यूटर फिरवून आपण लावतो तो.
- वजनांचा: वेगाबरोबर वाढणारा.
- व्हॅक्यूमचा: हलक्या पायाने गाडी चालवताना मिश्रण पातळ असतं, हळू जळतं, म्हणून मिळणारे जादाचे अंश. पेडल पूर्ण दाबलं की हा निघून जातो.

इंजिन फुटतं की वाचतं, ते पहिल्या दोघांच्या बेरजेवर ठरतं. लोखंडी हेडच्या स्मॉल-ब्लॉकला ही बेरीज साधारण ३४ ते ३६ अंश असते. म्हणजे सुरुवातीचे १२ आणि वजनांचे २४.

आता खरी मेख. पन्नास वर्षांच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये स्प्रिंगा ढिल्या होतात, वजनं रोखणारं बूश झिजतं. २४ चे २८-३० होतात. तुम्ही आयडलला पुस्तकाप्रमाणे १२ लावलेत आणि गाडी दिलीत, तर हायवेला बेरीज ४२ वर जाते. आयडलला इंजिन अगदी गोड वाजतं, आणि पिस्टन तिकडे मार खात असतो. म्हणून या इंजिनांवर बेरीज आधी लावायची, आयडलला जे येईल ते नंतर तपासायचं.

कामाचा क्रम

१. पॉइंट आधी. पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही बदलतं. डीएम डवेल मीटरवर ३० अंश घ्या (२८ ते ३२ चालेल). मीटर नसेल तर फिलर गेजने नवीन पॉइंटला ०.०१९ इंच. प्लग आणि वायरीही याच वेळी बघून घ्या.

२. शून्य खरं आहे का? क्रँकच्या पुलीमागचा बॅलन्सर दोन कड्यांचा असतो, मध्ये रबर. रबर जुनं झालं की बाहेरचं कडं सरकतं आणि खूण खोटं बोलू लागते. बॅटरी काढा, सगळे प्लग काढा, एक नंबरच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा. पान्याने इंजिन हळू फिरवा, अडलं की खूण करा. उलट फिरवा, पुन्हा अडेल तिथे खूण करा. दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये खरं शून्य. मग पिस्टन स्टॉप आठवणीने काढा.

३. बेरजेची खूण काढा. ८ इंची बॅलन्सरचा घेर ६३८ मिलिमीटर, म्हणजे १ अंश सुमारे १.७७ मिलिमीटर. शून्यापासून ३२ अंशांसाठी ५७ आणि ३६ अंशांसाठी ६४ मिलिमीटर मोजा. गाडीसमोर उभं राहून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, पट्टी घेरावर वळवून. बॅलन्सर लहान असेल तर घेर मोजून ३६० ने भागा. पांढरा रंग लावा.

४. व्हॅक्यूमचा पाइप काढा आणि त्याचं तोंड बंद करा. टायमिंग लाइटचा चिमटा एक नंबरच्या वायरीवर. एक नंबर म्हणजे गाडीत बसल्यावर डाव्या बाजूचा सगळ्यात पुढचा.

५. इंजिन गरम करा. डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट हाताने जेमतेम फिरेल इतकाच ढिला करा. वेग वाढवत न्या आणि खूण सरकायची थांबते कुठे ते बघा. बहुतेक ३००० च्या आसपास. तिथे वेग धरून पहिल्यांदा ३२ अंश लावा. या इंजिनात रोटर वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून बॉडी उलट दिशेला फिरवली की अ‍ॅडव्हान्स वाढतो. पंख्यापासून हात आणि बाह्या लांब ठेवा.

६. बोल्ट आवळा, पुन्हा बघा. आवळताना खूण हमखास थोडी हलते. मग आयडलला किती येतंय ते वाचून लिहून ठेवा. ३२ मधून तो आकडा वजा केला की वजनं किती देतायत ते कळतं. २४ च्या फार वर असेल तर डिस्ट्रिब्यूटर खोलून दुरुस्त करायला हवा, हे ग्राहकाला तिथेच सांगा.

७. पाइप जोडा, रस्त्यावर न्या. वरच्या गिअरमध्ये, चढावर, पेडल दाबून. टकटक नसेल तर २ अंश वाढवा. ३६ ला थांबा. टकटक आली की २ अंश मागे. सायलेन्सर मोठ्या आवाजाचा असेल तर टकटक ऐकूच येत नाही, म्हणून नंतर प्लग काढून बघा. पांढऱ्या चिनीमातीवर काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर पिस्टनला मार बसतोय.

उलट बाजूही लक्षात ठेवा: टायमिंग फार मागे असेल तर इंजिन तापतं, पिकअप जातो, पेट्रोल जास्त खातं. “सेफ” म्हणून उगाच मागे ठेवणं हाही इलाज नाही.

दोन फसवे आकडे

पहिला: डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. डिस्ट्रिब्यूटरच्या माहितीत १२ अंश लिहिलं असेल तर क्रँकवर ते २४ असतात.

दुसरा: ऑक्टेन. अमेरिकी पंपावरचा आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. तिथलं ९३ म्हणजे आपल्या मोजणीने साधारण ९८. आपलं साधं पेट्रोल आधी ९१ चं असायचं. अमेरिकी व्हिडिओ बघून “९३ वर ३६ चालतं” असं कोणी म्हणालं तर ते आकडे जसेच्या तसे उचलू नका. ११ ला १ कॉम्प्रेशनला इथे आधी जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, मग टायमिंग.

आता धंद्याचं

“टायमिंग ना? पाच मिनिटांचं काम” असं म्हणून फुकटात करू नका. बिलात तीन ओळी वेगळ्या ठेवा: तपासणी आणि खरं शून्य काढणं, टायमिंग लावणं आणि रस्ता चाचणी, डिस्ट्रिब्यूटर दुरुस्ती (लागली तर). ग्राहकाला पैसे कशाचे ते दिसतं, घासाघीस कमी होते.

जॉब कार्डवर पाच गोष्टी लिहा: आयडलचे अंश, बेरीज, ती किती आरपीएमला पूर्ण झाली, पाइप जोडल्यावरचा आकडा, टाकीत कोणतं पेट्रोल. खाली ग्राहकाची सही, एक प्रत त्याला. पुढे कोणी डिस्ट्रिब्यूटर फिरवला आणि इंजिन बसलं, तर तुमच्याकडे कागद आहे. आणि गाडी परत आली की सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही.

तुमच्याकडे कोणतं जुनं इंजिन आलंय? मॉडेल, आयडलचे अंश आणि बेरीज कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत डिस्ट्रिब्यूटर खोलून स्प्रिंगा आणि बूश बदलू.