दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेची काळी बाजू

मुंबईहून पांचगणीस मोटारीनें जावयाचें तर वाटेंत पनवेल लागतें. जुन्या गांवाशेजारीं सिडकोनें वसविलेल्या नवीन पनवेलमध्यें आज नोकरदारांच्या इमारती उभ्या आहेत, आणि तेथील एखाद्या सुशिक्षित घरांत सायंकाळीं एक जुनाच वाद नव्यानें रंगतो. आवडत्या वाद्यवृंदाची दुसरी कृति घरांत ऐकली जाते. मुलगी म्हणते, "बाबा, पहिलीपेक्षां ही कितीतरी खोल आहे." वडील म्हणतात, "पहिली गोड होती. ही नुसती काळोखी आहे." दोघांचेहि कान शाबूत असतात. मग एकाच संगीताविषयीं इतकीं भिन्न मतें कां व्हावींत? या प्रश्नाचा उलगडा करावयास पांचगणीच्याच एका विद्यार्थ्याची हकीकत उपयोगी पडते.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यानजीक झांजिबार बेटावर ५ सप्टेंबर १९४६ रोजीं एका पारशी कुटुंबांत फारूख बलसारा जन्मला. आठव्या वर्षीं त्याला पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत ठेवण्यांत आलें. तेथें त्याला फ्रेडी हें नांव मिळालें, तेथें तो पियानो वाजवीत असे, आणि तेथेंच सोबत्यांसह त्यानें ‘हेक्टिक्स’ नांवाचा बँड काढला. १९६४ सालीं झांजिबारांत राज्यक्रांति झाली व हें कुटुंब इंग्लंडांत गेलें. हाच मुलगा पुढें फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगास ठाऊक झाला. १९७० सालीं गिटारवादक ब्रायन मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह त्यानें ‘क्वीन’ हा वाद्यवृंद उभारला. पुढील वर्षीं बास गिटार वाजविणारा जॉन डीकन त्यांस येऊन मिळाला.

क्वीनची पहिली ध्वनिमुद्रिका जुलै १९७३ मध्यें निघाली. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओंत इतरांचें काम नसेल अशा फावल्या वेळांत ती तयार झाली होती, व तिचा खपहि प्रथम बेताचाच झाला. दुसरीच्या वेळीं या चौघांनीं स्टुडिओचे पुरे तास मागून घेतले. ऑगस्टमध्यें मुद्रण झालें, परंतु प्रकाशन लांबलें. कारण त्या हिवाळ्यांत इंग्लंड इंधनटंचाईनें गांजलें होतें. १९७४ च्या आरंभापासून तेथील बहुतेक कारखान्यांस आठवड्यांतून तीनच दिवस वीज मिळे. हा निर्बंध ७ मार्च १९७४ रोजीं संपला, आणि ८ मार्चला ‘क्वीन टू’ बाजारांत आली.

या तबकडीच्या बाजूंना पहिली व दुसरी अशीं नांवें नव्हतीं. एक पांढरी होती, एक काळी. पांढऱ्या बाजूवर मे याचीं चार व टेलरचें एक गाणें होतें. काळ्या बाजूवरील सहाहि गाणीं मर्क्युरीचीं. त्यांतील पहिलें राक्षसांच्या लढाईचें असून त्याच्या प्रारंभीं ध्वनिफीत उलटी फिरविलेली आहे. दुसरें गाणें रिचर्ड डॅड या चित्रकाराच्या एका चित्रावरून सुचलें. डॅडनें १८४३ सालीं वेडाच्या भरांत पित्याचा वध केला होता, आणि हें चित्र त्यानें पुढें वेड्यांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षें खपून रंगविलें. चौथें गाणें काळ्या राणीच्या मिरवणुकीचें. सुमारें साडेसहा मिनिटांत त्याची चाल व लय पुनःपुन्हां पालटते आणि एकावर एक चढविलेल्या आवाजांचा जणूं डोंगर उभा राहतो. बरींचशीं गाणीं मध्यें विसांवा न देतां एकमेकांत मिसळून जातात.

आतां श्रोत्यांकडे वळावें. २१ फेब्रुवारी १९७४ रोजीं बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमांत क्वीननें ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ हें गाणें सादर केलें. तें चपळ, उजळ व सहज तोंडीं बसणारें होतें. इंग्लंडच्या खपाच्या यादींत तें दहाव्या क्रमांकावर पोहोंचलें. त्या गाण्याच्या ओढीनें ज्यांनीं तबकडी घेतली, त्यांना तें सांपडलें कोठें? काळ्या बाजूच्या अगदीं शेवटीं! राक्षस, वेडा चित्रकार व काळी राणी यांच्या दालनांतून गेल्यावांचून त्या उजेडाशीं पोहोंचतां येत नव्हतें. कित्येक तेथवर उत्साहानें गेले, कित्येक वाटेंतच कंटाळले. तबकडी खपाच्या यादींत पांचवी आली. उलट ‘रेकॉर्ड मिरर’ या लंडनच्या साप्ताहिकानें तिची कठोर निर्भर्त्सना केली, आणि अमेरिकेच्या ‘रोलिंग स्टोन’नें पांढऱ्या बाजूची कांहीं वाखाणणी करून काळी बाजू जवळजवळ नापास ठरविली.

हा मतभेद केवळ अभिरुचीचा नव्हे. पहिली कृति श्रोत्यास नकळत एक वचन देऊन ठेवते. दुसरी ऐकतांना तो समोरचें गाणें ऐकत नसतो. तें वचन पाळलें गेलें कीं नाहीं हें तपासत असतो. म्हणून प्रथमश्रवणींचा रोष बहुधा अपेक्षेचा असतो, संगीताचा नव्हे.

परंतु काळोख हेंच अप्रीतीचें कारण म्हणावें, तर मराठी रसिकांचा अनुभव निराळा आहे. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. उंची शालूंत मिरविणारे बालगंधर्व त्यांत सिंधूच्या भूमिकेंत ठिगळांच्या लुगड्यानिशीं उभे राहिले, आणि प्रेक्षकांनीं तो अंधार हृदयाशीं धरला. कारण सिंधू कां रडते हें त्यांस ठाऊक होतें. कथेनें दुःखाचें बोट धरलें होतें. काळ्या बाजूवरील राणी कोण, ती कोणावर कोपली, हें कोणी सांगत नाहीं. ज्या काळोखास कारण दिलेलें नसतें, त्यांत डोळे सरावण्यास वेळ लागतो. शिवाय आवाजांची गर्दी कांहीं ठिकाणीं खरोखरच अति आहे, हा वडील मंडळींचा आक्षेपहि खोटा नाहीं.

काळानें काय केलें? त्याच मिरवणुकीच्या गाण्यांतील बांधणी अधिक रेखीव होऊन १९७५ सालीं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ झाली. ती जगानें डोक्यावर घेतली. ‘क्वीन टू’च्या वेष्टनावरील, अंधारांतून उजळणाऱ्या चार चेहऱ्यांचें मिक रॉकनें टिपलेलें छायाचित्रच त्या गाण्याच्या चित्रफितींत पुन्हां जिवंत करण्यांत आलें. ज्या बाजूस टीकाकारांनीं नापास केलें, तिनेंच पुढील यशाची पाटी गिरवून घेतली होती. १९७४ सालींच सर्व श्रोत्यांनीं पाठ फिरविली असती, तर ती पाटी तेथेंच पुसली गेली असती.

म्हणून नव्या कृतीस निदान दोनदां ऐकावें: एकदां आपली अपेक्षा ऐकूं येते म्हणून, आणि दुसऱ्यांदा ती शांत झाल्यावर. दुसऱ्या श्रवणानंतरहि ती न आवडल्यास तसें सांगण्याचा श्रोत्यास पूर्ण अधिकार आहे; त्या नावडीला तेव्हां खरी किंमत येते. नवीन पनवेलच्या त्या घरांत वडिलांनीं काळी बाजू पुन्हां लावावी, व मुलीनें पहिल्या गोडव्याचें ऋण मान्य करावें. वाद कदाचित् मिटणार नाहीं. पण तो मग गाण्याविषयीं होईल.