तेलाच्या खडकातील खारे पाणी

खनिज तेल भूगर्भात तळघरातील हौदाप्रमाणे साठलेले असते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरून राहिलेले असते. आणि त्याच छिद्रांत फार प्राचीन काळापासूनचे खारे पाणीही असते. विहीर खोदली की काही तेल भूगर्भातील दाबाने आपोआप वर येते. आणखी काही पाण्याच्या रेट्याने वर आणता येते. तरीही निम्म्याहून अधिक तेल बहुधा खालीच राहते.

कॅनडाच्या सस्कॅचेवन प्रांतातील वेबर्न येथे १९५४ साली तेल सापडले आणि १९६४ पासून खडकात पाणी सोडण्यात येऊ लागले. पुढे २००० साली तेथे कार्बन डाय-ऑक्साइड वायू दाबाखाली सोडण्यास प्रारंभ झाला. तो अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील, कोळशापासून इंधनवायू बनविणाऱ्या कारखान्यातून सुमारे ३२० किलोमीटर लांबीच्या नळाने आणलेला होता. हा वायू तेलात मिसळला म्हणजे तेल फुगते, पातळ होते व छिद्रांतून सुटते.

परंतु वायूला वाटेत पाणीही भेटते, आणि तेही आपला वाटा मागते. पाण्यात विरघळलेला वायू तेलाच्या कामी सहजी येत नाही. दाम मोजून आणलेला तो भाग अडकून पडतो. येथे क्षारांचा उपयोग होतो. एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे २३० ग्रॅम मीठ असेल, तर शुद्ध पाण्याच्या मानाने जवळजवळ निम्माच वायू त्यात विरघळतो. मिठाचे आयन पाण्याचे रेणू आपल्याभोवती जखडून ठेवतात आणि वायूसाठी मोकळे रेणू थोडे उरतात. मग गोडे पाणी सोडले तर? त्यात वायू अधिक मुरतो. शिवाय खडकात चिकणमाती असल्यास ती फुगून छिद्रे बुजण्याचे भय असते.

विरघळलेल्या वायूचे कार्बॉनिक अम्ल बनते. सोडावॉटरची चुरचुर याच अम्लाची. लोखंडी नळ त्याने झिजतात. वेबर्नचा खडक चुनखडी व डोलोमाइट यांचा. अम्ल चुनखडी विरघळविते आणि पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट उतरते. छिद्रे मोठी झाली, असे मानून मात्र हुरळून जाता येत नाही. हेच पाणी तेलाच्या विहिरीपाशी येते, तेथे दाब घटतो, वायू निसटतो आणि चुना पुन्हा घट्ट होऊन बसतो. घरच्या बंबात जमणारे पांढरे पुट ज्याने पाहिले आहे, त्याला नळ कसा चोंदतो हे निराळे सांगावयास नको. सोडलेल्या पाण्यात सल्फेट व मूळच्या पाण्यात बेरियम असेल, तर याहूनही चिवट थर बसतो. तो अम्लानेही सहसा निघत नाही.

म्हणूनच वेबर्न येथे वायू सोडण्यापूर्वीच विहिरींतील पाण्याचे नमुने तपासून ठेवण्यात आले व पुढे ठराविक काळाने ते घेण्यात आले. पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट वाढलेले आढळले. पण हे बायकार्बोनेट सोडलेल्या वायूचे की खडकाचे? कोळशापासून आलेल्या वायूत कार्बन-१३ या जड कार्बनाचे प्रमाण खडकातील कार्बनाच्या मानाने कमी असते. पाण्यातील बायकार्बोनेटातही ते प्रमाण उतरत गेले, आणि वायू कोणत्या विहिरीपर्यंत पोहोचला हे त्यावरून ओळखता आले.